तुझ्या लॅपटॉपवरची पहिली गाडी

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सच्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. नवा लॅपटॉप आलाय, स्ट्रीट रेसिंगचा एकच गेम घ्यायचाय आणि गाडी मनासारखी बनवता आली पाहिजे. लेका, माझं उत्तर एका ओळीचं आहे: नीड फॉर स्पीड हीट घे. पण कारण विचारल्याशिवाय तू कधी काही घेतलेलं नाहीस, म्हणून बसून लिहितोय.

आपल्या सायबर कॅफेतलं अंडरग्राउंड २ आठव, नीड फॉर स्पीडचाच जुना गेम. मी रेस मारायला अधीर असायचो आणि तू तासातली चाळीस मिनिटं ती माझदा आरएक्स-७ गॅरेजमध्ये उभी करून ठेवायचास. आधी बंपर, मग बॉनेट, मग स्टिकरचे एकावर एक थर. तुझ्या बाबांच्या गॅरेजमधून थेट यायचास, हाताला थिनरचा वास असायचा आणि स्क्रीनवरचा रंग बघून म्हणायचास, "याला क्लिअर कोट बरोबर बसलाय." मला तेव्हा कळायचं नाही. आता वाटतं, त्या गेमची खरी ताकद तुलाच दिसली होती. मासिकाच्या मुखपृष्ठावर गाडी झळकवायची तर तिच्या रूपाला तेवढे स्टार लागायचे, आणि फोटोग्राफरपर्यंत वेळेत पोचावंही लागायचं. सजवणं हा खेळाचाच भाग होता. २००४ चा तो गेम आज डिजिटल दुकानात विकत मिळत नाही, नाहीतर हे पत्र लिहायची गरजच नव्हती.

हीट २०१९ चा आहे. पाम सिटी नावाचं त्यातलं शहर मायामीवर बेतलेलं आहे. दिवसा परवानगीच्या रेस, त्यातून पैसा. रात्री बेकायदा रेस, त्यातून नाव. चांगले पार्ट नाव वाढेल तसे खुले होतात आणि ते घ्यायला पैसा लागतो, म्हणून दोन्ही वेळा उतरावंच लागतं. रात्री पोलिसांची नजर जितकी तापेल तितक्या पटीने नाव वाढतं, पण सेफहाऊस, म्हणजे आपलं लपायचं गॅरेज, गाठायच्या आत पकडला गेलास तर ती वाढ गेली. पेट्रोल पंपातून नेली की गाडी दुरुस्त होते, पण एका रात्रीत तीनदाच. पहाटे ठोकरलेली गाडी घेऊन मी शटरच्या आत शिरलो ना, की पाच मिनिटं नुसता बघत बसतो. पुढचा बंपर माझ्या कमाईचा आहे, हे तेव्हा आतून जाणवतं.

आणि गॅरेज! बंपर, फेंडर, स्कर्ट, स्पॉयलर, दिवे, सगळं सुटं सुटं बदलता येतं. गाडीची उंची, चाकांचा तिरकेपणा, खाली निऑन. अख्खं इंजिनही बदलता येतं. मला सगळ्यात आवडलं ते सायलेन्सरचं काम: आवाज किती घोगरा, किती फटफटणारा, हे स्वतः लावायचं. तुझी आरएक्स-७ त्यात आहे. सुप्रा मात्र नाही, टोयोटाची एकही गाडी नाही. मला ते अजून सलतं. याच मालिकेतला २०२२ चा अनबाउंडही आहे, पण चाकांमागून उडणारी ती कार्टूनसारखी चित्रं मला नकोशी होतात आणि तुझ्या लॅपटॉपला तो गेम जड जाईल.

याच मालिकेतला पेबॅक स्वस्त दिसला तरी घेऊ नकोस. त्यात रेस जिंकल्यावर तीन उपडे पत्ते समोर येतात, एक उचलायचा आणि जो पार्ट निघेल तो आपला. बाबांनी असं कधी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं का? फोर्झा होरायझन ५ ला रंगकाम अप्रतिम आहे, पण तो मेक्सिकोतला उत्सव आहे, रात्रीची चोरटी धाकधूक त्यात नाही. आणि इंटरनेटशिवाय चालतो का, हे कुठल्याही गेमचं आधी बघ. द क्रू हा रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर पैसे मोजलेल्यांनाही खेळता येईना. हीट एकट्याने, नेट नसतानाही चालतो.

तू विचारलंस, या वयात हे कशाला. अरे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल गाडीत करता येणार नाहीत. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते योग्यच आहे, मला पटतं. पण तुझ्या हातातली कला मला वाया गेलेली बघवत नाही. बाबा गेल्यावर तू स्प्रे गन विकलीस, तेव्हा मी काही बोललो नव्हतो. बोलायला हवं होतं.

गेम उतरवून घे. आरएक्स-७ हाताशी आली की बाबांच्या पद्मिनीचा तो समुद्री निळा तिच्यावर चढव. डब्यांचं प्रमाण तुला अजून पाठ असेल. रंग जमला की आधी मला फोटो पाठव, मग रेस मार.

तुझाच,
विन्या