सिमेंट भरायच्या आधी एवढं विचारा

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की आई "मी बरी आहे गं" म्हणते आणि फोन बाबांकडे देते, म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी नीट वाचा.

एमआरआयचा रिपोर्ट बघितला. डी-१२, म्हणजे पाठीचा बारावा मणका दबलाय, हाडं ठिसूळ झाल्यामुळे. डॉक्टर सुईने त्या मणक्यात हाडांचं सिमेंट भरू म्हणतायत, आणि कॉलेज रोडच्या काकू दुसऱ्याच दिवशी चालायला लागल्या म्हणून बाबांनी मनातून ठरवूनच टाकलंय. माझा विरोध नाहीये. फ्रान्समध्ये १९८४ ला हे पहिल्यांदा केलं गेलं, तेव्हापासून कितीतरी लोकांना आराम पडलाय. पण २००९ ला दोन अभ्यास आले त्यात सिमेंट न भरता नुसती सुई टोचलेल्यांनाही जवळपास तितकंच बरं वाटलं होतं, नंतरच्या काही अभ्यासांत मात्र फायदा दिसला, म्हणजे डॉक्टरांचंही अजून एकमत नाहीये. आणि बऱ्याच जणांचं दुखणं दीड ते तीन महिन्यांत आपसूक कमी होतं. पायात जोर आहे तोवर उद्याच करा अशी घाई नसते.

मला काळजी आहे ती नसांची. सिमेंट भरताना टूथपेस्टसारखं मऊ असतं, काही मिनिटांत दगड होतं, आणि घट्ट होताना तापतं. थोडंफार बाहेर झिरपणं तसं कॉमन आहे, बहुतेकांना कळतही नाही. पण मणक्याच्या मागच्या भिंतीला तडा असेल तर ते मज्जारज्जूच्या पोकळीत जाऊ शकतं, बाजूच्या फटीत गेलं तर नस दाबून कळ निघते. डी-१२ च्या मागे मज्जारज्जूचा शेवटचा भाग असतो, पाय आणि लघवी-संडासच्या नसा तिथूनच, त्यामुळे तिथे दाब आला तर पाय लुळे पडू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर तासातासाला महत्त्व असतं.

म्हणून बाबा, डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मागची भिंत शाबूत आहे का, सीटी लागेल का, भरताना सी-आर्मवर (चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) सतत बघणार ना, आणि काही झालंच तर मणक्याचे सर्जन तिथेच आहेत का नाशिकमध्ये दुसरीकडे हलवावं लागेल. आईची रक्त पातळ करायची गोळी त्यांना नक्की सांगा, रक्त साठूनही नस दबते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हं.

आई, तुझ्यासाठी एकच. नंतर पाय जड वाटला, बधीर झाला, मांड्यांच्या आतल्या बाजूला स्पर्श कळेना, लघवी अडली, तर "सकाळी बघू" करायचं नाही, "एवढ्या रात्री कशाला त्रास" अजिबात नाही. लगेच सिस्टरला सांग, घरी असशील तर बाबांना उठव, सरळ हॉस्पिटल. दबलेली नस वेळेत मोकळी केली तर वाचायचा चान्स असतो. लघवीबिघवीचं सांगायला तू लाजशील हे मला माहितीये म्हणून इतकं लिहितेय.

आणि सिमेंट भरलं तरी हाडं ठिसूळच राहतात, दुसरा मणका दबू शकतो. तर डेक्सा स्कॅन (हाडं किती ठिसूळ आहेत ते बघायची तपासणी) आणि हाडांच्या औषधाचंही त्याच भेटीत विचारा. तारीख ठरवायच्या आधी मला कळवा, मी रजा टाकून येते, डॉक्टरांशी आपण तिघं मिळून बोलू.

तुमची,
ताई