मृत्युदर छापताना छेदही छापा

महोदय,

नवा विषाणू सापडला की पहिल्या पानावर एक टक्केवारी झळकते: ‘मृत्युदर दहा टक्के’. वाचणारा लगेच घरातली माणसे मोजू लागतो. पण ही टक्केवारी ज्या भागाकारातून आली त्याचा छेद बातमीत नसतो. धास्तीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

साथीच्या सुरुवातीला चाचणी होते ती मुख्यतः रुग्णालयात पोहोचलेल्यांची. समजा, असे १०० रुग्ण तपासले आणि १० दगावले, तर दर १० टक्के. त्याच काळात आणखी १,९०० जणांना नुसता ताप-खोकला येऊन गेला असेल आणि त्यांची चाचणीच झाली नसेल, तर खरा दर ०.५ टक्के. २००९च्या एच१एन१ फ्लूच्या साथीत असेच घडले. मेक्सिकोतल्या पहिल्या आकड्यांवरून वाटला त्यापेक्षा तो विषाणू बराच सौम्य निघाला.

म्हणून सुरुवातीचे आकडे फुगलेलेच असतात, असे कुणी धरून चालू नये. चूक उलट्या दिशेनेही होते. आज बाधित ठरलेला रुग्ण दगावला, तर तो बहुधा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. साथ वाढत असताना आजवरच्या मृत्यूंना आजवरच्या बाधितांनी भागले, की दर कमी दिसतो. २००३मध्ये सार्स या श्वसनरोगाचा मृत्युदर आधी चार टक्क्यांच्या आसपास सांगितला जात होता. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने तो १४ ते १५ टक्क्यांवर नेला. साथ संपल्यावरचा हिशेब ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के. आकडे असे वरखाली झाले की लोकांना ‘काहीतरी लपवताहेत’ असे वाटते, कारण पहिला आकडा कच्चा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

‘बाधित’ हा शब्दही जपून वापरावा. लक्षणे नसलेल्या १०,००० जणांची सरसकट चाचणी केली आणि त्यांत खरी लागण १० जणांना आहे असे समजा. चाचणी १०० बाधितांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोगी माणसांत एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. म्हणजे खरे पॉझिटिव्ह ९, खोटे साधारण १००. बातमी होते ‘एका दिवसात १०९ बाधित’! हीच चाचणी लक्षणे असलेल्यांवर किंवा रुग्णाच्या संपर्कातल्यांवर केली, की तिचा कौल कितीतरी भरवशाचा ठरतो.

भीतीचे वेळापत्रकही उफराटे असते. पहिला रुग्ण सापडतो तेव्हा सामान्य माणसाला धोका सर्वांत कमी आणि घबराट सर्वांत जास्त. पुढे रुग्ण हजारांनी वाढतात, तोवर कान बधिर झालेले असतात. आणि ‘घाबरून जाऊ नका’ या आवाहनाचा उपयोग जवळपास शून्य. भीतीला हाताशी काही काम दिले तरच ती आवरते: कोणती लक्षणे दिसली तर घरीच वेगळे राहायचे आणि किती दिवस, श्वास लागला तर कुठे फोन करायचा. हे न सांगता नुसते धीर देणे म्हणजे काहीतरी दडवले जात असल्याचा संशय वाढवणे.

नावाचे तर काय सांगावे! २००९मध्ये त्याच एच१एन१ साथीला ‘स्वाइन फ्लू’ (डुकरांचा फ्लू) हे नाव रूढ झाले आणि इजिप्तने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारायचे फर्मान काढले. साथ पसरत होती माणसाकडून माणसाला. कैरोतला ओला कचरा ही डुकरे खात असत. ती गेल्यावर रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. २०१५पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नव्या आजाराला गावाचे, माणसाचे वा प्राण्याचे नाव देऊ नये. मथळ्यांनीही ते पाळायला हरकत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की साथीच्या काळात रोज एक ठरावीक चौकट छापावी. त्या दिवशी किती चाचण्या झाल्या आणि कुणाच्या, त्यांत पॉझिटिव्ह किती, रुग्णालयात नव्याने दाखल किती, मृत्यू किती आणि ते कोणत्या तारखांचे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण मागच्या दोन आठवड्यांतले राहिलेले मृत्यू एकाच दिवशी नोंदले जातात आणि आलेखात नसलेला कडा उभा राहतो. मृत्युदर छापायचाच असेल तर शेजारी ‘तपासलेल्या रुग्णांपैकी’ हे दोन शब्द घालावेत; आणि तो बदलला, तर कारणासह त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छापावा.

आपला,
साथरोगशास्त्राचा एक अभ्यासक