कॅमेऱ्याची परदेशी किंमत पुरती मोजा

संपादक महोदय,

लग्नसराई आली की इंदुरातले तरुण छायाचित्रकार दुबई, जपान, अमेरिकेतले भाव पाहतात आणि इथल्या जेल रोड बाजारातला भाव त्यांना लूट वाटतो. पण ही तुलना बहुधा अर्धवट असते. अमेरिकेतल्या छापील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडच्या किमतीत 18 टक्के जीएसटी आधीच असतो. म्हणजे तिकडचे एक लाख आणि इकडचे 1 लाख 18 हजार हा एकच भाव झाला. दुबईत 5 टक्के व्हॅट (विक्रीवरचा कर) आहे आणि पर्यटकाला तो थोडे शुल्क कापून परत मिळतो. लंडनच्या दुकानातून हातोहात नेलेल्या मालावर 20 टक्के व्हॅट परत मिळण्याची सोय 2021 पासून नाही.

सामानातून आणलेल्या मालावर शुल्कमाफीच्या मर्यादेपलीकडे 35 टक्के सीमाशुल्क आणि वर अधिभार लागतो. कार्डाचे परकीय चलन शुल्क वेगळे. दुकानदाराने रुपयांत बिल करू का विचारले तर नाही म्हणावे, त्यात दर वाईट मिळतो. आपलाच कॅमेरा घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी निघताना विमानतळावर कस्टम्सकडून सीरियल नंबरसह निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना वाद होत नाही.

खरा फटका वॉरंटीचा. बॉडीची (लेन्सशिवायच्या मूळ कॅमेऱ्याची) वॉरंटी बहुतेक वेळा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते. जपानी बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या अनेक बॉडींत मेनू फक्त जपानी भाषेत असतो, तो बदलता येत नाही. व्हिडिओवाल्यांनी पाल (सेकंदाला 25 किंवा 50 फ्रेम) आणि एनटीएससी (30 किंवा 60 फ्रेम) या पद्धती बदलता येतात का हेही पाहावे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला 60 फ्रेमच्या चित्रणात मंडपातले दिवे लुकलुकतात. (शटर 1/100 सेकंदावर ठेवले तर बरेच निभावते.) एवढे सगळे धरून बाहेरून आणायचेच असेल, तर बॉडीपेक्षा लेन्स आणावी. तिच्यात बिघडण्यासारखे कमी, आणि मेनूचा प्रश्नच नाही.

वापरलेला माल जपानहून कुरियरने मागवणे मात्र टाळावेच. आपल्या परदेश व्यापार धोरणात भांडवली सामान सोडून इतर वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला परवाना लागतो. तो नसला की पार्सल कस्टम्समध्ये अडकते. शिवाय हातात घेऊन पाहता येत नाही. वापरलेली लेन्स टॉर्चचा प्रकाश आरपार टाकून तपासावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, साफ केली तरी डाग राहतो. सेन्सरवरची धूळ लेन्सचे छिद्र बारीक करून, म्हणजे एफ/16 वर, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की दिसते. निकॉनच्या फोटोफाइलमध्येच शटर किती वेळा पडले तो आकडा असतो. कॅनॉनच्या बहुतेक बॉडींत तसा मिळत नाही, तिथे विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर पैसे मोजू नयेत.

इंदूरच्या दुकानदारांना एकच विनंती: नवा असो वा जुना, प्रत्येक बिलावर सीरियल नंबर लिहा, आणि वॉरंटी भारतीय कंपनीची की दुकानाची तेही स्पष्ट लिहा. आज अनेक बिलांवर नुसते 'कॅमेरा, एक नग' असते. तेवढ्यावर ना सर्व्हिस सेंटर दुरुस्ती करून देते, ना चोरीनंतर विमा मिळतो.

– एक छायाचित्रकार, राजेंद्र नगर, इंदूर