एलएलबीसोबत दुसरी नियमित पदवी? आधी नियम वाचा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या पानावर ‘आता एकाच वेळी दोन पदव्या’ हा मजकूर वाचला. इतर बहुतेक शाखांपुरता तो बरोबर आहे, पण कायद्याच्या पदवीचा अपवाद त्यात राहून गेला आहे. मी इंदूरच्या न्यायालयांत वकिली करते. या दिवसांत ओळखीचे पालक हमखास विचारतात, “ताई, मुलगी एम.कॉम. करतेच आहे, सोबत एलएलबीचा फॉर्मही भरून टाकू का?” म्हणून हे पत्र.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन अभ्यासक्रम एकदम करण्याची मुभा दिली, हे खरे. पण जिथे व्यावसायिक परिषद आहे तिथे तिचे नियम लागू राहतील, हेही त्याच सूचनांत आहे. कायद्यासाठी ही परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया. तिच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला सहावा नियम सांगतो की कायद्याच्या पदवीला नाव असताना दुसऱ्या कोणत्याही नियमित पदवीला किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घालता येत नाही. त्याच संस्थेतला एकात्मिक (एकाच प्रवेशात दोन्ही पदव्या देणारा) अभ्यासक्रम, भाषा किंवा संगणकाचा अल्पकालीन अर्धवेळ प्रमाणपत्र वर्ग आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम, एवढेच अपवाद. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तर विद्यार्थ्याकडून याबाबत लेखी हमी घ्यायला महाविद्यालयांना सांगितले आहे. खोटी हमी देऊन मिळवलेली वकिलीची सनद पुढे आयुष्यभर डोक्यावरची टांगती तलवार ठरेल, याचा विचार पालकांनी करायला हवा.

शिकवणी वर्गांनी भरलेल्या भंवरकुआँ परिसरात मुलांना मिळणारा सल्ला नेमका उलटा असतो: “एलएलबीला कोण बसतंय वर्गात? नाव घालून ठेव.” या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. एलएलबी तीन वर्षांची असो की पाच वर्षांची एकात्मिक, आठवड्याला किमान ३० तास आणि ऑनर्स अभ्यासक्रमाला ३६ तास शिकवणे नियमाने बंधनकारक आहे. ७० टक्के हजेरी लागते. त्याशिवाय तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. हे सगळे प्रामाणिकपणे केले तर दुसऱ्या नियमित वर्गाला वेळ उरतो कुठे? आणि न करता पदवी घेतलेला मुलगा काळा कोट चढवून पहिल्या तारखेला उभा राहतो तेव्हा साधा स्थगितीचा अर्जही त्याला लिहिता येत नाही. नुकसान पक्षकाराचे होते.

कायद्याला दुसऱ्या विषयाची जोड नको, असे मी म्हणत नाही. उलट ती हवीच. चेक न वटल्याच्या खटल्यात खातेवही वाचता न येणारा वकील आंधळा असतो. कौटुंबिक न्यायालयात समाजकार्य शिकलेली वकील फार वेगळे काम करते. आपल्या शेजारच्या महूत जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी या दोन्हींसाठी एकदमच नाव नोंदवले होते. तिथल्या व्यवस्थेत त्याला जागा होती. आजही अमेरिकेत तीन वर्षांची कायद्याची पदवी आणि दोन वर्षांचे एमबीए अनेक विद्यापीठे मिळून चार वर्षांत पूर्ण करून देतात, कारण कोणते विषय दोन्हीकडे धरायचे हे दोन्ही विभाग बसून ठरवतात. आपल्याकडे तो सगळा भार एकट्या मुलाच्या डोक्यावर पडतो.

आपल्या मुलांना सरळ वाटा आहेतच. बारावीनंतर पाच वर्षांचे बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी घ्यावे. पदवी झाली असेल तर एलएलबी नियमित आणि एम.ए. किंवा एम.कॉम. मुक्त विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून करावे. नाहीतर एकामागून एक. दोन वर्षे जास्त लागली म्हणून वकिलीत कुणी मागे पडत नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर ही दोन वर्षे जड जातात, हे मला दिसते, आणि म्हणूनच एकात्मिक अभ्यासक्रम वाढायला हवेत. आयआयएम इंदूरने बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम २०११ मध्येच सुरू केला. मग समाजकार्य आणि कायदा, विज्ञान आणि कायदा अशा जोड्या आपल्या शहरात जास्त का नसाव्यात? देवी अहिल्या विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा.

तोवर दोन मागण्या आहेत. प्रत्येक विधी महाविद्यालयाने सहावा नियम सोप्या हिंदीत प्रवेश अर्जाच्या पहिल्याच पानावर छापावा. आणि आपण तो प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी, मूळ मजकूर छापला त्याच पानावर, ठळक चौकटीत द्यावा.

आपली विश्वासू,
एक वकील वाचक
लोकमान्य नगर, इंदूर