परिविक्षा अधिकाऱ्यांची निवृत्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या जिल्ह्यातील एक परिविक्षा अधिकारी निवृत्त झाल्याची चार ओळींची बातमी आपल्या अंकात वाचली. शाल, श्रीफळ, सत्कार कोणाच्या हस्ते झाला, हे सारे तीत होते. हे गृहस्थ इतकी वर्षे नेमके काय करीत होते, तेवढे मात्र राहून गेले. मी निवृत्त मुख्याध्यापक असून त्यांचे काम एकदा जवळून पाहिले आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात, १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद असताना, आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलाने किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होडीचा पितळी पंखा काढून भंगारात विकला. आता हा रिमांड होमलाच जाणार, असे गावाने परस्पर ठरवूनही टाकले. वास्तविक २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. त्याला एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते (त्यांतील एक महिला) असलेल्या बाल न्याय मंडळापुढे हजर केले जाते, आणि त्याच्या घरची परिस्थिती मंडळाला कळावी म्हणून परिविक्षा अधिकाऱ्याने १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो.

त्यासाठी हे अधिकारी एसटीने आले. भर पावसात पाखाडी उतरून आम्ही वाडीत गेलो. पुढे केलेली खुर्ची बाजूला सारून ते पडवीत सारवलेल्या जमिनीवरच बसले. चोरीचा विषय त्यांनी काढलाच नाही. पंखा कोणत्या पान्याने सोडवलास, एवढेच विचारले, आणि पोलिसांपुढे तोंड न उघडणारा मुलगा बोलू लागला. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे हंगामात हा रात्रभर होडीवर आणि सकाळी वर्गात. तो पेंगतो म्हणून मी त्याला किती वेळा बाकावर उभे केले होते, ते आठवून मला तेथे मान वर करवेना. मंडळाने आई व मुलगा दोघांचे समुपदेशन करून, समज देऊन त्याला घरी पाठवले. पुढे दहावीला तो एकदा गणितात नापासही झाला, पण शाळा सुटली नाही.

माझे म्हणणे एवढेच, की त्यांच्या जागी पूर्णवेळ अधिकारी विनाविलंब नेमावा. कोणाकडे तरी अतिरिक्त कार्यभार सोपवून शासनाने मोकळे होऊ नये. अतिरिक्त कार्यभाराचा माणूस अहवाल मुदतीत देईलही, पण पडवीत दोन तास बसायला त्याला सवड कोठून मिळणार? फोनवर चौकशी करूनही दीड पान भरते आणि फाइलमध्ये दोन्ही अहवाल सारखेच दिसतात.

आणखी एक. याच अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील वृत्तपत्राला छापता येत नाही. आपल्याकडे अख्खी वाडी एका आडनावाची असते, त्यामुळे नाव गाळून नुसती वाडी छापली तरी पोर ओळखू येते. वार्ताहरांनी हे कृपया ध्यानात ठेवावे. त्याच कारणास्तव या पत्राखाली माझे नाव व गाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक