हमाली नावानिशी

प्रिय ताई,

वर्क फ्रॉम होममधून वेळ काढून तुम्ही मे महिन्यात आमच्या खळ्यात बसून मला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवलंत, त्याचे हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की देवगडात आंब्याचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवणारी मी एकटीच नाही.

आमचं दुखणं साधं होतं. कुणी एकच पेटी नेतो, कुणी चार डझनी, पाच डझनी मिळून सात. हमाली कधी लागते, कधी नाही. तुम्ही बिल करणाऱ्या फंक्शनची, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कृतीची, एकच ओळ लिहिलीत: बिल(गिऱ्हाईक, *पेट्या, हमाली=0, भाडं=0). (पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, हे मला तेव्हाच कळलं!) पेट्यांपुढच्या चांदणीमुळे (*) जितक्या पेट्यांचे दर द्याल तितके एका टपलमध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या यादीत, गोळा होतात, एकही नसली तर टपल रिकामं. दर आधीच यादीत असतील, तर फंक्शन बोलावताना यादीपुढे तीच चांदणी द्यायची, म्हणजे यादी सुटी होते.

खरी गंमत पुढे. चांदणीनंतरची हमाली नावानिशीच सांगावी लागते: हमाली=60. नुसते 60 लिहिले तर पायथन त्यांना साठ रुपयांची पेटी समजणार. हापूसची, साठ रुपयांना!

मी बिलावरच्या शेऱ्यांसाठी डिफॉल्ट (काही दिलं नाही तर धरायची किंमत) म्हणून रिकामी लिस्ट, म्हणजे यादी, सुचवली, तेव्हा तुम्ही नुसतं ‘नको’ म्हणून सोडलं नाहीत. दोन गिऱ्हाइकांची बिलं करून दाखवलीत. पहिल्याचा ‘पैसे बाकी’ हा शेरा दुसऱ्याच्या बिलावर उमटला. डिफॉल्ट किंमत फंक्शनची व्याख्या होते तेव्हा एकदाच तयार होते आणि तीच लिस्ट दर वेळी हाती येते. म्हणून डिफॉल्ट ‘नन’ (None, म्हणजे ‘काही नाही’) ठेवायचं आणि नवी लिस्ट फंक्शनच्या आत करायची. कारण डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे घोकावं लागलं नाही.

दोन चांदण्यांचं ‘क्वार्ग्ज’ (**kwargs), म्हणजे नावानिशी दिलेलं सगळं एका डिक्शनरीत, नाव-किमतीच्या जोड्यांत, गोळा करणं, मात्र तुम्ही हट्टाने टाळलंत. त्या डिक्शनरीत कुठलंही नाव खपतं. ‘हमाली’चं ‘हमली’ झालं तरी पायथन हूं की चूं करत नाही आणि हमाली शून्यच धरली जाते. फंक्शनच्या ओळीत नावं मोजकी लिहिली, की चुकलेल्या नावावर तिथल्या तिथे टाइपएरर (पायथनची चूक दाखवणारी सूचना) येतो. मला हे तेव्हा जरा कडक वाटलं होतं. आता बिलं माझा धाकटा भाऊ करतो, आणि त्याचं शुद्धलेखन तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमची,
बागेतली हिशोबनीस