‘पण हे तपासायचं कसं?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हालाच पाठवता आलं असतं. उघडपणे लिहिते आहे, कारण हल्ली पुण्यातली बरीच मुलंमुली मला एकच प्रश्न विचारतात: बारावीनंतर कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन कसं चालतं याचं शास्त्र, शिकायचं असेल तर काय करायचं? मी उत्तर द्यायला लागते आणि दोन वाक्यांत तुमच्यावर येते. म्हणून ठरवलं, एकदा नीट लिहावं आणि त्या निमित्ताने तुमचे आभारही मानावेत. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. तुमच्या हाताखालून गेलेल्यांना ते लगेच कळेलच.

एफवायला असताना मी तुमच्या केबिनमध्ये आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की माणूस पाहतो कसा, आठवतो कसा, बोलायला शिकतो कसा, निर्णय घेतो कसा हे मला शिकायचं आहे. आपल्या कॉलेजच्या माहितीपत्रकात त्या नावाचा विषय नव्हता आणि खासगी विद्यापीठांची फी आमच्या घराला झेपणारी नव्हती. तुम्ही एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर षटकोन काढलात. स्लोन फाउंडेशनसाठी 1978 साली अमेरिकेत तयार झालेल्या अहवालात हा षटकोन आहे, असं सांगून सहा कोपऱ्यांवर सहा नावं लिहिलीत: मानसशास्त्र, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र, मानवशास्त्र, मेंदूविज्ञान. मग म्हणालात, “यातले तीन तर याच आवारात शिकवतात. भाषाविज्ञानाला येरवड्याचं डेक्कन कॉलेज आहे, मानवशास्त्राचा विभाग विद्यापीठात आहे. मेंदूचं आपण वाचू.”

त्या ‘आपण’वर मी तीन वर्षं काढली, मॅडम. मानसशास्त्र स्पेशल घे, जोडीला तत्त्वज्ञान ठेव, संख्याशास्त्रापासून पळ काढू नकोस आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून घे, हा तुमचा सल्ला मी जशाच्या तसा पुढच्या मुलांना देते. त्या नावाची पदवी समोर नसेल तरी पदवीच्या वर्षांत हे शास्त्र शिकता येतं. फक्त कोणीतरी कोपरे जोडून दाखवावे लागतात. तुम्ही ते काम तुमच्या वेळापत्रकाबाहेर, कसलाही मोबदला न घेता केलंत.

प्रात्यक्षिकांबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं. प्रयोगशाळेतल्या कपाटात आरशातून रेखाटन करायचं ते जुनं उपकरण होतं. समोर आरसा, हात आडोशाच्या मागे, आणि ताऱ्याच्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. वेळ मोजायची, चुका मोजायच्या, जर्नलमध्ये आलेख काढायचा. उपकरणाला हात लावू देण्याआधी तुम्ही आम्हाला हेन्री मोलेझनबद्दल सांगितलंत. अपस्मारावर उपाय म्हणून 1953 साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी तयार करायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा काढला गेला, आणि त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला अगदी असाच तारा आरशात बघून काढायला दिला. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, हे आपण आधी केलं आहे याची त्याला आठवण नव्हती, पण हात मात्र दर दिवशी सुधारत गेला. म्हणजे ज्याला आपण सरसकट स्मरणशक्ती म्हणतो ती एकच एक गोष्ट नाही. एका कपाटातल्या उपकरणाने एवढं मोठं काही दाखवून दिलं होतं हे ऐकून वर्ग गप्प झाला. मग तुम्ही म्हणालात, “आता तुमचा तारा काढा. आणि उजव्या हाताने शिकल्यावर डाव्या हाताने काढून बघा. हात शिकला की आणखी कोणी, ते कसं ठरवाल?”

हा ‘कसं ठरवाल’ तुमच्या प्रत्येक तासाला असायचा. रंगाचं नाव वेगळ्याच रंगाच्या शाईत लिहिलं असेल तर शाईचा रंग सांगायला जास्त वेळ लागतो, हे दाखवणारा स्ट्रूपचा 1935 सालचा प्रयोग आम्ही मराठी रंगनावांचे तक्ते करून केला तेव्हा असायचा. दर 11 सप्टेंबरला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत झालेल्या 1956 सालच्या परिसंवादाची आठवण म्हणून तुम्ही वाचन ठेवायचात तेव्हाही असायचा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी तो दिवस या शास्त्राचा जन्मदिवस मानला. तुमच्या केबिनमध्ये त्या दिवशी जेमतेम चारपाच खुर्च्या मावायच्या, बाकीचे दारात उभे राहायचे.

पण मला खरं शास्त्र कळलं ते ‘सत्तावीस’मुळे.

जून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून उठलेला गदारोळ सगळ्यांना आठवत असेल. ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असंही वाचायचं, अशी त्यात सोय होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका परोपरीने मांडली, तरी वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत वाद रंगला. मी तेव्हा शाळेत होते. टीवायच्या प्रकल्पासाठी विषय शोधताना तुम्ही त्या वेळच्या कात्रणांची फाइल माझ्यासमोर ठेवलीत. मी माझं मत सांगायला सुरुवात केली. तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “पण हे तपासायचं कसं? आधी मला सांग, मुलाला यात नेमकं काय काय अवघड जात असेल?”

त्या दुपारी आपण फळ्यावर मांडणी केली. एक अडचण क्रमाची: सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी येतो. दुसरी ‘एकोण’ची: एकोणतीस ऐकताना कानावर तीस पडतं आणि कागदावर दोनने सुरुवात करायची असते. शिवाय ही रीत नव्व्याण्णवला मोडतेच. तिसरी रूपांची: दोनचा बावीसमध्ये ‘बा’ होतो, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’, ब्याऐंशीत ‘ब्या’. त्यामुळे शंभरपर्यंतची बरीचशी नावं पाठच करावी लागतात. मग तुम्ही जे दाखवलंत ते मी कधी विसरणार नाही. या तीन अडचणींतून चुका वेगवेगळ्या व्हायला हव्यात. क्रम नडत असेल तर सत्तावीसचे 72 होतील. ‘एकोण’ नडत असेल तर एकोणतीसचे 39 होतील. रूपं नडत असतील तर त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांची गल्लत होईल. मूल चुकलं एवढं मोजून काहीच हाती लागत नाही. ते कसं चुकलं यावरून आत काय चाललं आहे याचा माग काढता येतो. कॉग्निटिव्ह सायन्स म्हणजे काय, असं आता कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देते.

क्रमाची अडचण फक्त आपलीच नाही हेही तुम्हीच सांगितलंत. जर्मनमध्येही सत्तावीसला आधी सात आणि मग वीस म्हणतात, आणि तिथल्या मुलांच्या अशा उलट लिहिण्यावर संशोधन झालेलं आहे. उलट चिनी भाषेत अकराला ‘दहा एक’ म्हणतात. चिनी आणि अमेरिकी मुलांची तुलना केली तेव्हा दहापर्यंतच्या मोजणीत फारसा फरक दिसला नाही, तो अकराच्या पुढे दिसायला लागला. हे ऐकून मी भलतीच खूश झाले, तर तुम्ही लगेच विचारलंत: दोन देशांतल्या मुलांमध्ये भाषेखेरीज आणखी काय काय वेगळं असतं? त्या प्रश्नाने मला घाईने निष्कर्षाकडे जाण्यापासून अडवलं, आणि अजूनही अडवतो.

प्राथमिक शाळेत जायच्या आधी तुम्ही माझ्याकडून संमतीपत्र लिहून घेतलंत. पालकाला एका वाचनात कळेल असं मराठी हवं, मूल कंटाळलं की तिथेच थांबायचं आणि कोणाही मुलाचं नाव वहीत लिहायचं नाही, या तुमच्या अटी होत्या. मला वाटतं, संशोधनातली नीतिमत्ता मी पुस्तकातून शिकलेच नाही, ती त्या एका पानाच्या संमतीपत्रातून शिकले.

वर्गात तुम्ही माझ्या शेजारी त्या छोट्या बाकावर बसलात. बाई संख्या सांगत होत्या आणि तुम्ही मला कोपराने खुणावलंत. एका मुलीने सत्तावीस ऐकून आधी उजवीकडे 7 लिहिला आणि डावीकडे मुद्दाम सोडलेल्या जागेत नंतर 2 भरला. उत्तर बरोबर होतं. नंतर वही तपासणाऱ्याला तिची ही युक्ती कधीच कळली नसती. परतताना तुम्ही मेंदूविज्ञानातले संशोधक डेव्हिड मार यांच्या तीन पातळ्या समजावल्यात: मन कोणतं काम करतं, ते कोणत्या रीतीने करतं आणि मेंदूत ते कशाच्या बळावर घडतं. मार यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1982 मध्ये आलं. मी ते आधी वाचायचा प्रयत्न केला होता, पण त्यातली दुसरी पातळी मला त्या मुलीच्या पेन्सिलीने समजावली. बरोबर उत्तर एकच असलं तरी तिथे पोचायच्या रीती अनेक असतात.

आमच्याकडची मुलं थोडी होती. प्रकल्पाच्या शेवटी ‘निष्कर्ष’ या मथळ्याऐवजी ‘पुढे काय तपासावं’ असा मथळा तुम्ही द्यायला लावलात. गुण देणाऱ्यांना तो आवडेल का, याची चिंता तुम्ही केली नाहीत. मलाही करू दिली नाहीत.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्या पुण्यात राजरोस विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. तरी पालक त्यासाठी पदरमोड करतात, कारण पोराचं भलं व्हावं हीच त्यांची इच्छा असते. तुम्ही रविवारी सकाळी सोसायट्यांच्या सभागृहांत जाऊन पालकांशी बोलायचात आणि मला बरोबर न्यायचात. तुम्ही कधी कोणाला हसला नाहीत. ‘या चाचणीत चूक निघाली असं कधी कळेल?’ एवढंच विचारायचात. डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा, असल्या तयार वाक्यांनाही तुम्ही त्याच प्रश्नाने सामोऱ्या जायचात. ज्ञान कॉलेजच्या फाटकाबाहेर न्यायचं असतं हे मी तिथे पाहिलं.

आणि बाबा. माझे बाबा भोसरीच्या एमआयडीसीत मशीनवर काम करतात. बीए करून पुढे हे असलं शिकून नोकरी कुठली, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तुम्ही त्यांना कॉलेजात बोलावलंत. मला वाटलं, आता तुम्ही नोकऱ्यांची यादी वाचणार. तुम्ही त्यांना विचारलंत, “तुमच्या मशीनच्या पॅनेलवर चुकून हात कोणत्या बटणावर जातो?” बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि बोलतच राहिले: कोणती दोन बटणं सारखी दिसतात, रात्रपाळीत कोणता दिवा नजरेतून सुटतो, नवा मुलगा पहिल्या आठवड्यात कुठे हमखास अडतो. तुम्ही त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या बी-17 विमानांबद्दल सांगितलंत. चाकांचा आणि फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या झडपांचा, खटका सारखाच असल्यामुळे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर भलताच खटका ओढत. अल्फोन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने त्या खटक्यांना वेगवेगळे आकार द्यायला लावले, म्हणजे नुसत्या स्पर्शाने फरक कळेल. “चूक माणसाची म्हणून सोडून दिली असती तर ती होतच राहिली असती,” असं तुम्ही म्हणालात. घरी येताना बसमध्ये बाबा मला म्हणाले, “हे शिकवत असतील तर शीक.” माझ्या शिक्षणातला सगळ्यात अवघड दरवाजा तुम्ही बाबांच्याच कामाच्या गोष्टीने उघडलात. त्यांच्या वीसेक वर्षांच्या अनुभवाला कोणी शास्त्र म्हणून विचारलं, हे त्यांनाही पहिल्यांदाच घडलं होतं.

जयकर ग्रंथालयातली पुस्तकं, अप्पा बळवंत चौकातली जुनी पाठ्यपुस्तकं, सायकोपाय हे संगणकावर प्रयोग करायचं सॉफ्टवेअर शिकताना रात्री उशिरा पाठवलेल्या मेलला सकाळी सातच्या आत आलेली तुमची उत्तरं, या सगळ्याचे आभार एका दमात मानते, नाहीतर पत्र संपायचं नाही.

पुढच्या महिन्यात मी एमएस्सीसाठी गांधीनगरच्या आयआयटीत जाते आहे. वाचणाऱ्या मुलांसाठी सांगते: तिथे मानसशास्त्राखेरीज इतर विषयांचे पदवीधरही अर्ज करू शकतात. अलाहाबाद विद्यापीठात आणि हैदराबाद विद्यापीठातही या विषयाची केंद्रं आहेत, कानपूरच्या आयआयटीत विभाग आहे. प्रवेशाच्या अटी बदलत राहतात, तेव्हा त्या त्या वर्षीची माहिती नीट बघा.

मॅडम, मराठी रंगनावांचे स्ट्रूपचे तक्ते, त्यांची सायकोपायमधली फाइल, संख्यालेखनाचे कागद आणि ते संमतीपत्र असं सगळं मी विभागाच्या कपाटात, आरशाच्या उपकरणाच्या वरच्या खणात ठेवलं आहे. नव्या टीवायच्या मुलांनी हवं ते घ्यावं आणि बदलावं. संख्यांचा प्रकल्प कोणी पुढे नेणार असेल तर मला कळवा, सुट्टीत आले की मी त्यांच्याबरोबर शाळेत येईन. ‘एकोण’चा भाग आपण अजून नीट तपासलेला नाही.

तुमची विद्यार्थिनी